घरातल्या झाडांच्या लेखात प्राण्यांचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घरात लावायच्या झाडांवर आलेला लेख आवडला. पाणी, ऊन, खत यांची माहिती नेमकी होती. पण सुचवलेल्या झाडांत मनी प्लांट, डिफेनबेकिया, सायकस आणि लिलीही होती. ही झाडे कुत्र्या-मांजरांना बाधतात, याचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता.

सगळी झाडे सारखीच घातक नसतात, म्हणून तर फरक सांगायला हवा. मनी प्लांट किंवा डिफेनबेकिया चावले, तर त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक तोंडात टोचतात. लाळ गळते, जीभ सुजते, पण जनावर बहुधा बरे होते. सायकसच्या बियांनी यकृत निकामी होते. लिली तर मांजराच्या जिवावरच उठते. अंगावर पडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतले पाणी प्यायले, तरी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडू शकतात. त्याच फुलाने कुत्र्याचे सहसा फक्त पोट बिघडते. (पीस लिली नावापुरती लिली आहे. तिचा त्रास मनी प्लांटसारखा.)

झाडांपेक्षाही मला औषधांच्या डब्याची जास्त काळजी वाटते, कारण तिथे विष मायेने भरवले जाते. मांजर मलूल दिसले की कोणीतरी पॅरासिटामॉलची गोळी चुरून देते. ते औषध पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजते. एका गोळीनेही मांजर दगावू शकते. कुत्र्याला दिलेल्या आयब्युप्रोफेनने जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावले, तर त्याला झटके येतात. ‘जनावरांसाठी’ म्हणून विकलेली वस्तू प्रत्येक जनावराला चालतेच असे नाही.

उंदीर मारायच्या औषधाबद्दलही एक सांगावेसे वाटते. त्यातली बरीच औषधे रक्त गोठू देत नाहीत आणि लक्षणे काही दिवसांनी दिसतात. तोवर कुत्रा हुंदडत असतो आणि घरचे निर्धास्त असतात. खरे तर याच दिवसांत उपचार सर्वांत सोपा असतो. या प्रकारच्या विषावर ‘के-१’ जीवनसत्त्व हा उतारा आहे. म्हणून लक्षणांची वाट न पाहता वेष्टन घेऊन लगेच पशुवैद्याकडे जावे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा उपाय कृपया कोणी करू नये. त्याने रक्तातले मीठ धोकादायक पातळीपर्यंत वाढते. ॲसिड किंवा रॉकेल पोटात गेले असेल, तर उलटीने अन्ननलिका आणि फुप्फुसे आणखी पोळतात.

औषधांच्या आणि कीटकनाशकांच्या वेष्टनावर ‘मुलांपासून दूर ठेवा’ असते, तशी पाळीव प्राण्यांसाठीही स्पष्ट सूचना उत्पादकांनी छापावी. रोपे विकणाऱ्यांनी कुंडीच्या चिठ्ठीवर एक ओळ वाढवावी. आपल्याला तर हे पुढच्याच अंकापासून करता येईल: प्रत्येक झाडाच्या नावापुढे ते कुत्र्याला, मांजराला की दोघांनाही घातक आहे, एवढे लिहावे, ही विनंती. आधीच्या लेखातल्या झाडांपासूनच सुरुवात करावी, कारण तो वाचून काहींनी लिली घरी आणलीही असेल.

आपला,
एक नियमित वाचक