सूचना : मोटारींच्या कंपनाचे इशारे बंद करू नका

सर्व सभासदांना नमस्कार,

मोटार, पंप, ब्लोअरवर कंपनाचे सेन्सर बसवलेल्या काही सभासदांनी मोबाईलवरचे इशारे बंद करून टाकलेत. कृपया ते आजच सुरू करा. फोन सारखा वाजतो ही तक्रार खरी आहे, पण बहुतेक ठिकाणी इशाऱ्याची मर्यादाच चुकीची भरलेली आहे. आयएसओ १०८१६-१ (मशीनच्या कंपनाचं आंतरराष्ट्रीय मानक; २०१६ मध्ये त्याची जागा आयएसओ २०८१६-१ ने घेतली) नुसार १५ किलोवॅटपर्यंतच्या मशीनला १.८ मिमी प्रति सेकंदापर्यंतचं कंपन चालायचं, ४.५ च्या पुढे धोका. १५ ते ७५ किलोवॅटला हेच आकडे २.८ आणि ७.१. लहान मोटारीची मर्यादा मोठ्या ब्लोअरला लावली की दिवसभर इशारे येणारच. उलट केलंत तर बेअरिंग गेल्यावरच कळेल.

हाताने रीडिंग घेणाऱ्यांनी बेअरिंगच्या हाउसिंगवर मार्करने खूण करावी आणि दरवेळी तिथेच, मशीन लोडवर असताना, आडवं, उभं आणि शाफ्टच्या दिशेने असं तिन्ही बाजूंनी मोजावं. पंख्याच्या जाळीवर घेतलेलं रीडिंग निरुपयोगी. १४८० आरपीएमच्या (मिनिटाला १४८० फेऱ्यांच्या) मोटारीत कंपनाच्या आलेखात २४.७ हर्ट्झला, म्हणजे फिरण्याच्याच वेगाला, टोक दिसलं तर आधी बॅलन्सिंग तपासा. त्याच्या दुप्पटीला दिसलं तर कपलिंगचं अलाइनमेंट, म्हणजे जोडलेले दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का ते. ग्रीस जास्त भरू नका, त्यानेही बेअरिंग तापतं.

शनिवारी सायंकाळी ५ वाजता सभागृहात मर्यादा दुरुस्त करून देऊ. मशीनच्या नेमप्लेटचा फोटो आणि नोंदवही आणावी. मेंटेनन्सच्या माणसालाच पाठवा, कारण मशीनचा आवाज त्यालाच ओळखता येतो.