उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडे) उपासनेबाबत सूचना

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

शुक्रवार, ३ एप्रिल २०२६ रोजी दुपारी १२ ते ३ प्रभू येशूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांची उपासना आहे. ही वेळ आपल्या सोयीने ठरलेली नाही. सहाव्या ताशी, म्हणजे भर दुपारी, देशभर अंधार पडला आणि तो नवव्या तासापर्यंत, म्हणजे दुपारी तीनपर्यंत, राहिला, असं बायबलमधल्या शुभवर्तमानात आहे. म्हणून शक्यतो पूर्ण तीन तास बसा.

सातही उद्गार एका ठिकाणी सापडत नाहीत. चार शुभवर्तमानांपैकी तीन लूकमध्ये, तीन योहानमध्ये, आणि ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ ही हाक मत्तय व मार्कमध्ये. ही हाक म्हणजे बायबलमधल्या २२ व्या स्तोत्राची सुरुवात. ते स्तोत्र मुलांना जवळ घेऊन आधी घरी वाचा. मग उपासनेत त्यांनाही ते ओळखीचं वाटेल.

त्या दिवशी ग्रुपवर ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवू नये, ही कळकळीची विनंती. प्रभूच्या मरणाचा दिवस आहे. पुनरुत्थानाच्या रविवारी भरभरून शुभेच्छा द्या.

सोलापूरचं ऊन तोवर तापलेलं असेल. उपवास जरूर धरा, पण वयस्कर मंडळी, मधुमेह असलेले आणि गरोदर भगिनींनी पाणी व थोडं खाणं टाळू नये. शेजारच्या आजी-आजोबांना येताना सोबत आणा.