नुसता आवडता लेखकच का विचारता?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत तुम्ही तरुण लेखकांना प्रेरणांबद्दल विचारलंत आणि झाडून सगळ्यांनी पुस्तकांची नावं सांगितली. बडोद्याच्या माणसाचं उत्तर तर ठरलेलंच असतं: सयाजीराव महाराज, १९०६ चं सक्तीचं शिक्षण, १९१० चं मध्यवर्ती ग्रंथालय. ते खोटं नाही. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयात उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून मजल्यांना काचेची जमीन आहे. तिच्यावर जपून पाय टाकत मी पुष्कळ वाचलं. पण एवढं वाचून लिहायची धास्तीच बसली.

लिहावंसं वाटलं ते बाबांच्या छापखान्यात. दांडिया बाजारात आमचं छोटं दुकान, मुख्य काम लग्नपत्रिकांचं. इथल्या बऱ्याच मराठी घरांना पत्रिका गुजरातीतही लागते, म्हणजे प्रुफंही दोन. ती तपासणं कॉलेजात असल्यापासून माझ्याकडे. मराठीत चिमुकल्यांची 'किलबिल', गुजरातीत 'टहुको'. हा मजकूर मला तोंडपाठ. खरी गंमत निमंत्रकांच्या नावांत. थोरले काका पहिल्या प्रुफात असतात, दुसऱ्यात त्यांच्यावर लाल रेघ, तिसऱ्यात पुन्हा हजर, पण धाकट्याच्या खाली! मधल्या काळात त्या घरात काय काय बोललं गेलं असेल, यातून माझी पहिली कथा झाली. दुसरी एका दुरुस्तीची. नवरीच्या आजोबांच्या नावामागचं 'श्री.' खोडून 'कै.' केलेलं. तारीख, मुहूर्त, कार्यालय तेच. प्रूफ परत आणणारा मुलगा म्हणाला, "एवढंच बदला, बाकी राहू द्या." बाबांनी त्या दुरुस्तीचे पैसे लावले नाहीत.

आता पत्रिका व्हॉट्सॲपवर जातात, नावं हवी तितकी घालता येतात, त्यामुळे रुसवेही कमी. कथालेखिकेच्या दृष्टीने हे नुकसानच म्हणायचं.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या वेळी आवडत्या लेखकासोबत घरी व्यवसाय काय, दिवसभर हात कशात असतात, हेही विचारा. माझ्या ओळखीची एक कवयित्री खंडेराव मार्केटात वडिलांच्या फुलांच्या गाळ्यावर बसते. सणासुदीला गजऱ्याचा भाव सकाळ-संध्याकाळ कसा बदलतो, हे तिच्याकडून ऐकण्यासारखं आहे. मात्र मुलाखतीला दसऱ्यानंतर या, त्याआधी तिला मान वर करायला फुरसत नसते.

आपली,
एक कथालेखिका
दांडिया बाजार, बडोदे