पकडलेल्या बोटीवरच्या खलाशांसाठी परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मासेमारीच्या हक्कांवरून दोन देशांत जुंपली की बातम्यांत नकाशे झळकतात आणि जुने करार बाहेर निघतात. प्रत्यक्षात अडकून पडतात ते बोटीवरचे खलाशी. हे पत्र त्यांच्यासाठी आहे. किनारा लाभलेल्या कोणत्याही देशाचे परराष्ट्र खाते आपल्याकडे असो, माझे मागणे तेच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराचे कलम ७३ वाचावे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे जिथल्या माशांवर किनारी देशाचाच हक्क असतो त्या पाण्यात, परक्या बोटीने नियम मोडला, तर किनारी देश ती पकडू शकतो, खटलाही भरू शकतो. मात्र वाजवी हमी मिळताच बोट आणि खलाशी लगेच सोडावे लागतात. दोन्ही देशांत तसा वेगळा करार नसेल, तर या गुन्ह्याला तुरुंगवास देता येत नाही. तरीही सुटका झाली नाही, तर कलम २९२ आहे. दाद कुठे मागायची यावर अटकेपासून १० दिवसांत एकमत झाले नाही, की प्रकरण हॅम्बर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणात नेता येते. तिथे सुनावणी १५ दिवसांच्या आत सुरू होते आणि ती संपल्यावर १४ दिवसांत निकाल लागतो. इतका झटपट न्याय आंतरराष्ट्रीय कायद्यात क्वचितच मिळतो.

पण हा अर्ज बोटीवर ज्या देशाचा ध्वज आहे त्याचे सरकारच करू शकते, किंवा सरकारने अधिकार दिलेली व्यक्ती. खलाशाच्या बायकोने स्वतः हॅम्बर्ग गाठले तरी तिचा अर्ज कोणी घेणार नाही. म्हणून हे आपल्याला लिहितो आहे.

उशिराने काय होते, ते जपानच्या दोन बोटींच्या प्रकरणांत दिसते. २००६ च्या अखेरीस रशियाने आपल्या पूर्व टोकाच्या कामचात्का द्वीपकल्पाजवळ ‘तोमिमारू’ पकडली आणि पुढच्या जूनमध्ये ‘होशिनमारू’. दुसरीवर आरोप असा, की ‘चम’ जातीच्या सॅमन माशांच्या थराखाली महागडा ‘सॉकाय’ जातीचा सॅमन सापडला आणि नोंदवहीत तो चम म्हणूनच लिहिला होता. जपानने दोन्ही अर्ज ६ जुलै २००७ रोजी केले. बरोबर महिन्याने, ६ ऑगस्टला, दोन्ही निकाल आले. ‘होशिनमारू’साठी रशियाने मागितलेली २ कोटी २० लाख रुबलची हमी न्यायाधिकरणाने १ कोटीवर आणली आणि बोट व खलाशी सोडायला सांगितले. ‘तोमिमारू’ तोवर रशियन न्यायालयांतून जप्त होऊन गेली होती. जुलैच्या अखेरीस तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही जप्ती कायम केली, आणि अर्जात निर्णय देण्यासारखे काही उरले नाही. पकडल्यापासून अर्जापर्यंत आठ महिने गेले होते.

बोट सोडली तर चोरटी मासेमारी बोकाळेल, अशी किनारी देशांची भीती असते. ती खोटी नाही. पण सुटका म्हणजे माफी नव्हे. खटला चालूच राहतो आणि दंडाची सोय हमीत असते. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाने पकडलेल्या रशियन ‘वोल्गा’साठीही १९ लाख २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची घसघशीत हमी ठरली होती.

खरी अडचण लहान बोटींची आहे. हमीची रक्कम भरणे त्यांच्या मालकांच्या आवाक्याबाहेरचे असते. शिवाय किनाऱ्यालगतच्या १२ सागरी मैलांत कलम ७३ लागूच होत नाही, आणि जिथे हद्दच ठरलेली नाही तिथे तर दोन्ही देश पाणी आपलेच म्हणतात. इंजिन बंद पडून वाहत गेलेली बोट नेमकी अशाच ठिकाणी सापडते, आणि तिच्यावरची माणसे वाटाघाटींतले मोहरे होऊन बसतात. हद्दीचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला तरी खलाशांच्या सुटकेचा साधा करार शेजाऱ्याशी आजही करता येईल. त्यासाठी हद्दीवरचा आपला दावा तसूभरही सोडावा लागत नाही.

तेव्हा मंत्रिमहोदय, आपल्या ध्वजाची बोट पकडली गेली, तर अकराव्या दिवशी अर्ज दाखल होईल अशी तयारी खात्यात कायम असू द्या. गरीब मालकाच्या हमीला सरकारने उभे राहावे. आणि आपल्याच कायद्यात परक्या खलाशाला २०० मैलांच्या क्षेत्रातल्या मासेमारीसाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद असेल, तर ती येत्या अधिवेशनात काढून टाका. मग आपल्या माणसांसाठी समोरच्या देशाकडे हेच मागताना आपली बाजू भक्कम असेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नागरिक