‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेले दप्तर पहिल्याच पावसात भिजल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
शालेय साहित्य विभाग

विषय: सदोष दप्तराची पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत आणि पावसाळी मालाच्या परतीच्या मुदतीबाबत

महोदय,

मी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात राहते. माझी मुलगी यंदा पाचवीत गेली. चौथीपर्यंत तिची जिल्हा परिषदेची शाळा वाडीतच होती. आता हायस्कूल म्हणजे पायऱ्यांची पाखाडी उतरायची, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा, रस्त्यावर एसटीची वाट पाहायची आणि पुन्हा स्टँडपासून शाळेपर्यंत चालायचे. लेकरू घाबरले होते. म्हणून मे महिन्यातच आम्ही तयारीला लागलो. सकाळी उन्हं चढायच्या आत तिला त्या वाटेने नेऊन आणले, कुठे शेवाळ धरते ते दाखवले, एसटीची पाटी वाचायला शिकवली. पाचवीपासून मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, त्याचे कागद जमवले. आणि आपल्या संकेतस्थळावरून ₹१,४९९ चे दप्तर मागवले.

ते दप्तर निवडले एकाच कारणासाठी. जाहिरातीत ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ असे लिहिले होते आणि पावसात उभ्या असलेल्या मुलीच्या पाठीवर तेच दप्तर दाखवले होते. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. इथे छत्रीने डोके आणि छाती झाकली जाते, पाठीवरच्या दप्तरावर वाऱ्याने पावसाची झड येतेच.

शाळा उघडली त्याच आठवड्यात दप्तर आतून भिजले. सरकारकडून मिळालेली मोफत पुस्तके वर्षातून एकदाच हातात पडतात. त्यातली मराठी आणि परिसर अभ्यासाची पुस्तके फुगून बसली. वह्यांवर शाई पसरली. सुट्टीत तिने इंग्रजी शब्दांची एक वही स्वतःच्या हाताने केली होती, चित्रे काढून. ती वही मला चुलीपाशी एकेक पान सोडवत वाळवावी लागली आणि तरी निम्मी गेली.

दोष नेमका कुठे आहे हे पाहण्यासाठी मी रिकाम्या दप्तरात जुनी वर्तमानपत्रे भरली आणि वरून तांब्याने पाणी ओतले. मधला कागद कोरडा राहिला. पट्टे जिथे पाठीला शिवले आहेत त्या रेषेवरचा आणि चेनच्या खालचा कागद चिंब झाला. म्हणजे आपले कापड चांगले आहे, त्याच्या आतल्या बाजूला लेपही आहे. पण शिवताना सुईने पडलेली भोके तशीच उघडी सोडली आहेत. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली नाही आणि चेनवर झाकणारी पट्टीही नाही. खांद्यावरून ओघळणारे पाणी पट्ट्यावरून थेट त्या शिवणीत उतरते. ज्याने हे दप्तर बनवले त्याने एकदा जरी ते नळाखाली धरले असते तरी हे दिसले असते.

दुसरी गोष्ट वजनाची. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी दप्तराचे वजन १.७ ते २.५ किलो सांगितले आहे. आपले रिकामे दप्तर दुकानाच्या काट्यावर कोरडे असताना साधारण ९०० ग्रॅम भरले. भिजल्यावर पट्ट्यांतल्या आणि पाठीच्या फोमने पाणी धरले आणि तेच दीड किलोच्या जवळ गेले. आषाढात ऊन मिळत नाही. फोम आतून वाळतच नाही, आता त्याला वास येतो आणि अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके आले आहेत.

आपल्या ग्राहक सेवेने दोन उत्तरे दिली. पहिले, परत करण्याची सात दिवसांची मुदत मे महिन्यातच संपली. दुसरे, पावसात वापरायचे तर ₹२९९ चे रेन कव्हर वेगळे घ्यावे. दुसऱ्या उत्तराचा मला फार राग आला, कारण त्यात आपणच मान्य केले आहे की दप्तर पावसात चालत नाही. मग जाहिरातीत ती पावसातली मुलगी कशाला?

पण माझी खरी तक्रार पहिल्या उत्तराविषयी आहे. कोकणात पावसाआधीची खरेदी मे महिन्यातच होते. आगोटीची बेगमी करताना लाकडे, सुकी मासळी, मीठ भरतात, त्याच फेरीत मुलांची छत्री, चप्पल, दप्तर येते. मृग लागल्यावर रस्ते आणि वीज यांचा भरवसा नसतो, पार्सल वेळेवर येईल याचाही नसतो. पावसासाठी घेतलेली वस्तू पाऊस पडेपर्यंत तपासता येत नाही आणि तोवर आपली मुदत संपलेली असते. जे वेळेत तयारी करतात त्यांचेच नुकसान आपल्या या नियमाने होते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घेणे आणि पैसे देणे नाकारता येत नाही.

माझी मुलगी सध्या पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्याच दप्तरात घालून नेते. वर्गात पिशवीची गाठ सोडताना नव्या मुली बघतात म्हणून तिला संकोच वाटतो. नवी शाळा, नवे चेहरे, आणि त्यात हे.

दप्तराचे ₹१,४९९ परत द्यावेत आणि खराब झालेल्या वह्यांचे ₹३२० द्यावेत. पावसासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या शालेय वस्तूंची परतीची मुदत जुलैअखेरपर्यंत ठेवावी. शिवणीची भोके बंद केली जाईपर्यंत जाहिरातीतून ‘वॉटरप्रूफ’ हा दावा काढावा, किंवा कव्हर त्याच किमतीत दप्तरासोबत द्यावे.

नियमानुसार ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. ते न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

सोबत बिलाची प्रत, शिवणीची आणि पुस्तकांची छायाचित्रे, पाणी ओतल्याचा व्हिडिओ आणि आपल्या उत्तरांच्या प्रती जोडल्या आहेत. दप्तर नेण्यास माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे मुलीच्या वस्तू काढून ठेवता येतील.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व फोन क्रमांक सोबतच्या बिलावर आहे)