कट नाही, कॉपी : आखेनहून बाबांना पत्र

आखेन, जर्मनी
२७ जुलै २०२५

ती. बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

धंतोलीच्या काकूंच्या हाती पिशवी धाडली आहे. चॉकलेटं आईने वाटून टाकावीत. बबलच्या प्लास्टिकात गुंडाळलेली काळी डबी मात्र बाबा, तुम्ही स्वतः ठेवून घ्या, आणि हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय ती लॅपटॉपला लावू नका. ती हार्ड डिस्क आहे, २ टीबीची.

नागपुरात बर्डीच्या बाजारात ढिगाने मिळते, जर्मनीहून कशाला पाठवली, असं तुम्ही म्हणणारच. रिकामी पाठवली असती तर म्हणणं बरोबर होतं. पण हिच्यात छकुलीचे जन्मापासूनचे सगळे फोटो आणि व्हिडिओ आहेत, अगदी मूळ आकाराचे. व्हॉट्सअ‍ॅपवर जे तुम्हाला मिळतात ते दाबून लहान केलेले असतात. मोबाइलवर ते छान दिसतात, पण मोठी प्रिंट काढायला गेलात तर नाक-डोळे पुसट येतील. शिवाय एवढा डेटा इंटरनेटवरून पाठवायचा तर तुमची लाइन दोनदा जाणार आणि माझा जीव टांगणीला. काकू विमानाने येतच होत्या, हे सोपं.

दुसरं कारण आत्याचं घर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि तिच्या तळमजल्यात पाणी शिरलं, तेव्हा दिवाणाखालचे सगळे अल्बम भिजले. फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवताना चेहरेच निघून आले. आजोबांचा फेट्यातला फोटो त्यात गेला तो गेलाच, कारण त्याची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. तेव्हापासून तुमच्या मारबतीच्या मिरवणुकीच्या फोटोंची काळजी डोक्यातून जात नाही. इतक्या वर्षांच्या काळ्या-पिवळ्या मारबतींचे पुतळे, दर वर्षीचे बडग्यांचे टिंगलीचे पुतळे, पोरांचे रंगलेले चेहरे, सगळं त्या एका लॅपटॉपमध्ये आहे, आणि त्याचा पंखा आताशा फोनवरूनसुद्धा ऐकू येतो.

आता लावायचं कसं. केबलचं एक टोक चपटं-रुंद, मध्ये खाच असलेलं आहे. ते डिस्कमध्ये जातं. बळ लावू नका, उलटं धरलं असेल तर ते जाणारच नाही. दुसरं टोक नेहमीचं यूएसबी. तुमच्या लॅपटॉपला उजवीकडे दोन काळी भोकं आहेत आणि डावीकडे एक निळं. निळ्यातच लावा. ते यूएसबी ३ आहे, काळी यूएसबी २ आहेत. फरक चांगलाच जाणवतो: १०० जीबीचे मोठे व्हिडिओ निळ्यातून वीसेक मिनिटांत जातील, काळ्यातून पाऊण-एक तास खातील. फोटोंना जास्त वेळ लागतो, कारण हजारो बारक्या फाइली एकेक करून लिहाव्या लागतात. डिस्कला वेगळा चार्जर नाही, वीज ती लॅपटॉपकडूनच घेते. म्हणून तो चार तोंडांचा स्वस्तातला हब मधे घालू नका. वीज कमी पडली तर डिस्क टिक-टिक करते, सुरूच होत नाही, आणि माणसाला वाटतं नवी वस्तू बिघडली.

लावली की ‘दिस पीसी’मध्ये तिचं नाव ‘घर’ असं दिसेल. त्याखाली एकूण जागा १.८१ टीबी दाखवेल. दुकानदाराने काटा मारला असं तुम्हाला वाटेल, पण नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून आकडा कमी दिसतो. डिस्क पूर्ण २ टीबीचीच आहे.

कधी काळी ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशी पाटी आली तर कॅन्सल दाबा (फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून डिस्क नव्याने आखणं) आणि मला फोन करा, इथे रात्र असली तरी चालेल. फॉरमॅट मी करूनच पाठवलं आहे. दुकानातून येते तेव्हा बहुतेक डिस्क एनटीएफएस नावाच्या पद्धतीने आखलेली असते. माझा मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. म्हणून मी ती एक्सफॅट करून घेतली, ती दोन्हीकडे चालते. फॅट३२ ही जुनी पद्धतही दोन्हीकडे चालते, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि ताईच्या लग्नाचा व्हिडिओ एकटाच त्याहून मोठा आहे. एक्सफॅटचा एक तोटा आहे. काम चालू असताना केबल उपटली तर एनटीएफएस बऱ्याचदा स्वतःला सावरते, एक्सफॅट तेवढी सावरत नाही. म्हणून काढताना खाली उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या बाणावर जाऊन ‘इजेक्ट’ करा, ‘आता काढू शकता’ असं आलं की मगच हात लावा. ‘वापरात आहे’ असं म्हणाली तर एखादा फोटो उघडा राहिला असेल, तो बंद करा. तरीही ऐकलं नाही तर लॅपटॉप शटडाउन करून काढा.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. बाबा, तुमची जुनी सवय मला ठाऊक आहे. जागा भरली की तुम्ही फोल्डर कट करता आणि पेनड्राइव्हमध्ये पेस्ट करता, लॅपटॉप हलका झाला म्हणून खूश. या डिस्कवर तसं करायचं नाही. कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही, कंट्रोल-एक्स कधीच नाही. कट केलेला फोटो नव्या जागी गेला तरी तो एकच राहिला. उद्या ही डबी पडली तर मारबती आत्याच्या अल्बमांच्या वाटेने जातील. बॅकअप घेतला असं आपण म्हणतो तेव्हा तीच वस्तू निदान दोन ठिकाणी असायला हवी. जाणकार तर तीन प्रती सांगतात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. तुमच्या गूगलच्या खात्यात फुकट जागा १५ जीबीच आहे, ती मेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांत मिळून. अमर्याद फुकट फोटो ठेवायची सोय जून २०२१ मध्ये बंद झाली, म्हणून तिच्यावर भिस्त नको.

तेव्हा असं करा. बर्डीवरून अशीच एक डिस्क आणखी घ्या, शक्य झालं तर दुसऱ्या कंपनीची, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोन्हींत यायचा नाही. तिच्यावर या डिस्कचं सगळं आणि लॅपटॉपमधलं सगळं कॉपी करा आणि ती मनीषनगरला दादाकडे ठेवा. एक महालात, एक मनीषनगरात. चोरी होवो, पूर येवो, दोन्ही घरी एकाच रात्री काही व्हायचं नाही. लॅपटॉपमधली जागा मोकळी करायचीच असेल तर दोन्ही डिस्कवर फोटो उघडून पाहिल्यावर करा, आधी नाही.

हे दसऱ्यापर्यंत झालं तर बरं. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबणार आहेत. लॅपटॉप त्या दिवशी बंद पडणार नाही, घाबरू नका, पण दादा तेव्हा नवीन विंडोज टाकून देईन म्हणतोय. त्याचा हात चालायच्या आत तुमचं सामान बाहेर निघालेलं असू द्या. पोरगा हुशार आहे, पण त्याला घाई फार.

फोल्डरची नावं आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग अशी द्या. ‘२०२३-०९ मारबत’ असं लिहिलं की ते आपोआप ओळीने लागतात. ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’, ‘खरंच नवीन’ हा तुमचा खजिना मी गेल्या खेपेला पाहिला आहे. मोबाइलमधून घेताना केबल लावल्यावर फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा, नाहीतर नुसता चार्ज होत बसेल. मग डीसीआयएम नावाचं फोल्डर, त्यात कॅमेरा, तेवढंच उचला. सुप्रभातचे गुलाब डिस्कवर चढवायची गरज नाही, ते उद्या पुन्हा येतीलच.

डिस्क चालू असताना हलवू नका, हे आईलाही सांगा, कारण टेबल पुसताना ती सगळं उचलून पुसते. आत एक तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेत असते आणि तिच्यावरून वाचणारं डोकं काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. आपल्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट. चालू डिस्क टेबलावरून पडली तर डोकं तबकडीवर घासतं आणि तिथला मजकूर खरवडून निघतो. बंद असताना ती बराच धक्का सोसते. म्हणून गादीवर किंवा सोफ्यावर नाही, सपाट टेबलावर ठेवून काम करा.

गंमत म्हणजे हे डोकं इतकं बारीक वाचू शकतं ते माझ्या शेजारच्या गावामुळे. आखेनपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर युलिश आहे. तिथल्या संशोधन केंद्रात पेटर ग्र्युनबर्ग यांना १९८८ मध्ये आढळलं की लोखंड आणि क्रोमियमचे अणूंएवढे पातळ थर एकावर एक ठेवले तर चुंबकाच्या साध्या बदलाने त्यांचा विद्युतरोध भलताच बदलतो. फ्रान्समध्ये आल्बेर फेर यांना त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेच दिसलं. दोघांना मिळून २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या गुणावर चालणारी डोकी १९९७ मध्ये हार्ड डिस्कमध्ये आली आणि तेवढ्याच तबकडीवर कितीतरी जास्त मजकूर मावायला लागला. तुम्ही शाळेत चुंबक शिकवायचात ना, म्हणून मुद्दाम लिहिलं. १९५६ ची पहिली हार्ड डिस्क आयबीएमची, दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या आणि सगळ्या मिळून मजकूर सुमारे ५० लाख अक्षरं, म्हणजे ४ एमबीहूनही कमी. तुमच्या आजच्या कॅमेऱ्याचा एक फोटोही त्यात जेमतेम बसेल.

नागपूरचा उन्हाळा हिला सोसणारा नाही. अशा डिस्कच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं बहुधा लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे नवतपा लागला की पंख्याची हवासुद्धा भाजते. मे महिन्यात कॉपी करायचीच असेल तर सकाळी सहाला करा. कूलरसमोर मात्र ठेवू नका, ती हवा दमट असते. गाडीच्या डिकीत विसरू नका. एरवी लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, सुती रुमालात गुंडाळून. खालचा कप्पा नको.

एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, का नाही घेतली असं दादा विचारेल. तिच्यात फिरणारं काही नसतं, वेग जास्त, पडली तरी चिंता कमी. पण तेवढ्याच जागेला पैसे बरेच जास्त पडतात. शिवाय वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू म्हणून मला फिरणारी डिस्कच पसंत आहे. तीही अमर नाही. दिवाळीची साफसफाई निघाली की दोन्ही डिस्क लावून कुठलेही दहा-बारा फोटो उघडून पाहा. उघडायला वेळ लागू लागला किंवा करकर आवाज आला, तर त्याच दिवशी नवी आणा. पाच-सहा वर्षं झाली की आवाज नसला तरी बदला.

पासवर्ड मी घातलेला नाही. तो विसरला तर फोटो माझ्याकडूनही उघडायचे नाहीत, आणि तुमच्या विंडोज होममध्ये कुलूप घालायची सोयही पुरी नाही. त्यापेक्षा आधार, पॅन, बँकेचे कागद हिच्यात ठेवूच नका. टीव्हीलाही लावू नका. काही टीव्ही रेकॉर्डिंगसाठी स्वतःच फॉरमॅट करू का विचारतात, आणि रिमोट आईच्या हातात असतो. टीव्हीवर दाखवायचे निवडक फोटो पेनड्राइव्हवर घाला.

यंदाची मारबत पुढच्या महिन्यात आहे. कॅमेऱ्याचं कार्ड त्याच संध्याकाळी लॅपटॉपमध्ये आणि डिस्कवर, दोन्हीकडे उतरवा, आणि दोन्हीकडे फोटो उघडून पाहिल्यावरच कार्ड रिकामं करा. यंदा बडगे कुणाचे निघाले तेही कळवा, इथे कुणाला सांगून समजत नाही. रविवारी नेहमीच्या वेळी कॉल करेन, तेव्हा लॅपटॉप समोर घेऊन बसा, पहिलं फोल्डर आपण मिळून कॉपी करू.

आईला गुडघ्यासाठी पट्टा पाठवला आहे, तो पिशवीच्या तळाशी आहे.

तुमची
धाकटी

ता. क. डिस्कची केबल डबीतच ठेवत जा. ती मोबाइलच्या चार्जरसारखी दिसते म्हणून दादा उचलून नेईल, आणि तसल्या रुंद तोंडाची केबल ऐन वेळी घरात कुणाकडेच सापडायची नाही.