पाळकांच्या मानधनासाठी कायम ठेव निधी : मंडळीला आवाहन

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

कापणीच्या सणाला आपल्या चर्चमध्ये धान्याची पोती, कोंबड्या, भाजीपाला यांचा लिलाव होतो आणि अर्पणाची थैली भरते. जून ते सप्टेंबर मात्र बियाणे, खते आणि मुलांच्या फिया यांतच घरोघरची कमाई संपते. नेमके याच महिन्यांत पाळकसाहेबांचे मानधन रखडते. ते स्वतः कधी बोलणार नाहीत, म्हणून समिती बोलते आहे.

अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या संस्थेने 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे केले. पुढे बरीच वर्षे मिशनच्या कामाला परदेशातल्या पैशाचा आधार होता. आज तो नाही. पगार धर्मप्रांताच्या कचेरीतून येतो असे अनेकांना वाटते. पण कचेरीत तो जमतो आपल्यासारख्या मंडळ्यांच्या वर्गणीतूनच. बायबलमधल्या लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, जमिनीचे वतन नव्हते; लोकांचा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, हीच त्यांची उपजीविका. आपल्या पाळकांचेही तसेच आहे: राहते घर मंडळीचे, आणि निवृत्तीच्या दिवशी तेही सोडायचे.

चर्चमागची जागा विकावी, असे काहींनी सुचवले. समितीला ते मान्य नाही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातील कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकताच येत नाही. परवानगी मिळाली तरी, गेलेली जमीन नातवंडांना कुठून आणून देणार?

म्हणून 10 लाख रुपयांचा कायम ठेव निधी उभारायचा आहे. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला 70,000 रुपये येतील. एवढ्यावर पाळकांचा वर्षभराचा पगार निघणार नाही, पण पावसाळ्यातली तूट भरून निघेल. मुद्दलाला हात लावायचा नाही. इमारतीसाठी नाही, कोर्टकचेरीसाठी तर मुळीच नाही. खाते वेगळे राहील आणि लेखापरीक्षकांनी तपासलेला हिशेब वार्षिक सभेत वाचला जाईल.

कळकळीची विनंती, नेहमीचा दशमांश थांबवून इथे देऊ नका. तो थांबला तर निधी असून उपयोग नाही.

पुण्या-मुंबईला आणि परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींनाही कळवा. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी पैसे पाठवू नयेत. परदेशी देणगी स्वीकारण्याची नोंदणी आपल्याकडे नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी बँकेमार्फत जरूर द्यावे. मंडळी धार्मिक न्यास असल्याने आयकरातील 80जी सवलत मिळणार नाही, हेही आधीच सांगतो.

दर रविवारी उपासनेनंतर खजिनदार पावतीपुस्तक घेऊन बसतील. रोख जमत नसेल तर धान्य आणा. त्याचीही पावती मिळेल.

आपली,
पाळक समिती